वॉरंटीची शपथ

खांदा कॉलनीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, आणि मी खोटारडी आहे हे तिथल्या सगळ्या बायकांना माहीत आहे. "मंगळवारी देते" असं मी म्हटलं की त्या शुक्रवारी येतात. एखादी नवीन बाई खरंच मंगळवारी येऊन उभी राहते. तेव्हा मी लाइट गेल्याचं सांगते, हुक संपल्याचं सांगते, आणि ती अगदीच अंगावर आली तर म्हणते, "आईशप्पथ, नुसती हातशिलाई राहिलीय." ब्लाउज अजून कापलेलासुद्धा नसतो. आमच्या धंद्यात याला पाप धरत नाहीत. निदान मी तरी धरत नव्हते.

पण पोराची शपथ मी कधी घेतली नव्हती. एकुलता एक आहे. हे गेल्यापासून करंजाड्याच्या घरात आम्ही दोघंच. माझं माहेर गव्हाणचं, आणि तिथं माझी आई म्हणायची, "देव मोठा हाय, तो खोटी शपथ पचवील. लेकराच्या जिवाला ती लागते." आईच्या पुष्कळ गोष्टी मी सोडल्या, ही एक धरून ठेवली होती.

पोरगा तळोज्याला कारखान्यात नोकरी करतो. त्यानं हप्त्यावर डिझेलची गाडी घेतली. गाडी चांगली होती, पण माणसं भरली की घाटात धापा टाकायची. मी मागे बसून टोमणे मारायची, "उतरून ढकलू का रे?" तो कान लाल करून चालवायचा.

मग भाचीच्या साखरपुड्याला पुण्याला निघालो, तर त्या दिवशी गाडी अशी सुटली म्हणता! बोरघाटात ट्रक मागे, बस मागे, आणि आम्ही पुढे. मीच म्हटलं, "अगं बाई, हिला आज काय चावलं?" पोरगा आरशात बघून हसला. तेवढ्यात पुढून शिट्टीसारखा आवाज आला, मागे धुराचा लोट उठला आणि गाडीचा जीवच गेला. रडतखडत कडेला घेतली. साखरपुड्याला आम्ही दुसऱ्याच्या गाडीत, पाय पोटाशी घेऊन पोचलो, तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी रविवार, सर्व्हिस सेंटर बंद, म्हणून क्रेनवाल्यानं गाडी आमच्या सोसायटीत आणून सोडली आणि सोमवारी उचलून हायवेवरच्या सर्व्हिस सेंटरला नेली.

त्यांनी सांगितलं की टर्बो गेलाय. इंजिनाला जास्त हवा कोंबणारा तो पंखा. महाग वस्तू, पण गाडी वॉरंटीत होती, त्यामुळे मी निर्धास्त. पोरगा मात्र म्हणत होता, "तू कशाला येतेस?" मी म्हटलं, तू तोंडाचा मऊ, तुला कुणीही गुंडाळेल. म्हणून दुकान बंद ठेवून गेले.

तिथं काउंटरला एक तरुण पोरगा होता, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. त्यानं माझ्या मुलाला विचारलं, "सर, ट्यूनिंग वगैरे केलंय का? रिमॅप?"

"नाही," मुलगा म्हणाला.

"नाही म्हणजे, इंजिनाच्या सेटिंगला हात लावल्यासारखं वाटतंय. तसं असेल तर टर्बोचा क्लेम कंपनी नाकारते."

झालं. राग आला की माझी भाषा माहेरी जाते. "काय रे, गाडी तुमची, बिघडली तुमच्या हातची, आन चोर आमी? एका नटाला पाना लागला नाय त्या गाडीच्या!"

"काकू, पाना नाही लागत त्याला. लॅपटॉप लागतो. इंजिनाचा कॉम्प्युटर असतो, त्यात दुसरा प्रोग्रॅम टाकतात. डिझेल जास्त, हवा जास्त, ताकद जास्त. मग टर्बोवर लोड येतो."

मी जरा थांबले. मग हसले. "लॅपटॉपनं गाडी मोडते काय? मग माझी शिलाई मशीन मोबाइलनं मोडत असंल!" सोफ्यावर बसलेली गिऱ्हाइकं फिसकन हसली. माणसं हसली की मला आणखी चढते, हा माझा जुना रोग आहे. तो बिचारा "तसं नाही काकू, तसं नाही काकू" करत होता, आणि मी त्याला बोलू देत नव्हते. तुमची कंपनी लुबाडते म्हटलं, तुला कमिशन मिळत असेल म्हटलं, तुझ्या आईनं हेच शिकवलं का तेसुद्धा म्हटलं. आणि मग म्हटलं, "थांब. तुला पुरावा पायजे ना?"

मी पोराच्या डोक्यावर हात ठेवायला गेले. तो माझ्यापेक्षा हातभर उंच आहे. माझा हात पोचेना, तर त्यानं मान वाकवली. माझा हात नीट टेकावा म्हणून. मला काय भरून आलं तेव्हा! म्हटलं, एवढा मोठा झाला पण आईपुढे वाकतो. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "ह्या माझ्या लेकराची शपथ, गाडीला कुणी हात लावलेला नाय."

काउंटरवरचा पोरगा आधी माझ्या मुलाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मग खाली मान घालून टाइप करायला लागला. "ठीक आहे काकू. ग्राहकाचं म्हणणं असं लिहून क्लेम पुढे पाठवतो. कंपनीचा माणूस बघायला येईल."

बाहेर पडल्यावर मी जग जिंकलं होतं. "बघितलंस? अशी करून घ्यायची असतात कामं," मी पोराला म्हटलं. दुकानात येईल त्या बाईला मी हा किस्सा ऐकवला. माप घेताना टेप गळ्यात टाकून मी तो काउंटरवरचा पोरगा कसा गप्प झाला याची नक्कल करून दाखवायची. बायका हसून हसून मापं चुकवायच्या.

एका संध्याकाळी जेवताना पोरगा म्हणाला, "आई, ते शपथेचं सगळ्यांना सांगत जाऊ नको."

"का नको? खोटं सांगते काय?"

तो भात कालवत बसला. कालवला, परत कालवला. मग ताटातच बघत म्हणाला, "आई, सुटली म्हण ना."

लहान पोरं खेळताना एकमेकांच्या गळ्याची शपथ घेतात ना, तेव्हा ज्याच्या नावानं घेतली तो घाबरतो आणि दुसऱ्याच्या मागे लागतो, सुटली म्हण, आधी सुटली म्हण. सुटली म्हटलं की शपथ उतरली. आणि हे माझा मिशीवाला, हप्ते भरणारा मुलगा म्हणत होता. माझ्या हातातला घास हातातच राहिला. मला काही विचारायची गरजच पडली नाही.

त्यानंच सांगितलं सगळं. कळंबोलीकडे एक माणूस आहे, तो गाडीत वायर लावून इंजिनाचा प्रोग्रॅम बदलून देतो. घाटात गाडी रडायची, मी टोमणे मारायची, म्हणून यानं करून घेतलं. त्या माणसानं छातीठोक सांगितलं होतं, सर्व्हिसला द्यायच्या आधी मूळ प्रोग्रॅम परत टाकतो, कंपनीच्या बापालाही कळणार नाही. "रविवारी आपल्या बिल्डिंगखाली तोच आला होता, आई. तू त्याला गाडीत पोहे नेऊन दिलेस ना, तो."

"मेल्या!" मी ओरडले. "माझे पोहे खाऊन गेला आन माझ्याच पोराचं वाटोळं केलं?" पुष्कळ ओरडले. शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला इतकी ओरडले. मग दम लागला आणि खरी गोष्ट तोंडातून निघाली. "अरे, पण मी तुझ्या डोक्यावर हात ठेवत होते. तू मान वाकवलीस. एक शब्द बोलवला नाय तुला?"

तो म्हणाला, "तू दिवसाला किती शपथा घेतेस, आई. मला वाटलं, तुझं तसंच."

त्यानं टोमणा नव्हता मारला. टोमणा असता तर मी परतून मारला असता. त्याला खरंच तसं वाटलं होतं. माझ्या पोटच्या पोराला वाटलं होतं की त्याच्या डोक्यावरचा माझा हात आणि ब्लाउजची हातशिलाई एकच. मला इतकी लाज वाटली की मी ताट उचलून मोरीत गेले आणि नळ सोडून नुसती उभी राहिले.

"सुटली म्हण ना," तो मागून येऊन म्हणाला.

"अशी घरात बसून सुटत नाय. जिथं घेतली तिथं सोडायची."

"क्लेम जाईल, आई. टर्बो खिशातून घालावा लागेल."

म्हटलं, बघू. हो, 'बघू'च म्हटलं, मोठेपणा कशाला सांगू? दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. कंपनीचा माणूस येऊन क्लेम पास करून गेला तर कुणाचं काय बिघडतं, असंही मनात आलं. पण गाडी नसल्यामुळे पोरगा मोटरसायकलवर तळोज्याला जात होता, आणि त्या रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर कसे चालतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. मी मशीनवर बसलेली, पाय चालतोय, आणि कान फोनकडे. फोन वाजला की शिलाई अर्धी सोडून आधी तो उचलायची. मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवत नाही असं बायकांना सांगत आले होते. ठेवत होते की! कुणाच्या तरी चांगल्या साडीवरच्या ब्लाउजची बाही मी उलटी जोडली, तेव्हा मशीन झाकली आणि पोराला फोन केला. म्हटलं, अर्धी रजा टाक आणि ये.

सर्व्हिस सेंटरला तीच गर्दी, तोच सोफा. काउंटरवरच्या पोरानं मला बघून खुर्ची मागे सरकवली. पुन्हा तोफ सुटणार असं त्याला वाटलं असावं. मी म्हटलं, "बाळा, माझी शपथ खोटी होती. गाडीचा प्रोग्रॅम बदलला होता. क्लेम मागे घे."

तो चकित झाला नाही. खुर्ची दाखवत म्हणाला, "मला माहीत होतं, काकू. प्रोग्रॅम कितीदा टाकला त्याची नोंद त्या कॉम्प्युटरमध्ये राहते. मूळचा परत टाकला तर तीही एक नोंद वाढते."

"मग क्लेम पाठवलास कशाला?"

"तुम्ही मुलाच्या डोक्यावर हात ठेवलात. सगळे बघत होते. तिथं तुम्हाला खोटं पाडणं मला जमलं नाही."

ज्याच्या आईचा मी उद्धार केला होता तो हे सांगत होता. मला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. मी म्हटलं, "माफ कर रे बाबा." तो म्हणाला, "काकू, काय हे, बसा." मग त्यानं पोराला नीट समजावून सांगितलं. टर्बो वॉरंटीत मिळणार नाही, आणि या ट्यूनिंगमुळे इंजिनाचं पुढेही काही निघालं तर तेही खिशातून. पण एसी, स्टिअरिंग, खिडक्यांचं काम, ज्याचा याच्याशी संबंध नाही, त्याची वॉरंटी चालू राहील. पोरानं मुकाट्यानं सही केली. मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "सुटली रे. आता सुटली." त्यानं एवढा मोठा श्वास सोडला की मला त्याची दयाच आली.

तिथंच उठून यायला हवं होतं. पण मला राहवेना. त्या काउंटरवरच्या पोराला मी कशी वाटत असेन, या विचारानं मला राहवेना. मी म्हटलं, "पण एक सांगते बाळा. शपथ घेतली तेव्हा मला माहीत नव्हतं."

"असू द्या, काकू."

"असू द्या काय? नव्हतं माहीत."

तो जरा घुटमळला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "मी लॅपटॉप म्हटलं ना तेव्हा, तेव्हा तुम्ही एकदम थांबलात. सरांकडे बघितलंत. मग हसलात. मला वाटलं, तुम्हाला कळलं."

त्याच्या बोलण्यात कसलाही आरोप नव्हता. आणि मला ते दिसलं. आमच्या पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडं, आत तो माणूस, मांडीवर लॅपटॉप, त्याची वायर स्टिअरिंगखाली गेलेली. मी बशी पुढे केली तेव्हा त्यानं लॅपटॉप बाजूला सरकवून जागा केली होती. हे मला कधी आठवलं? घरी पोरानं सांगितल्यावर? की इथं, याच काउंटरपाशी, हसायच्या आधी?

"नाही हो," माझा मुलगा मधेच म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो माझ्या बाजूनं बोलत होता. "आईला खरंच काही माहीत नव्हतं. आईच्या गळ्याची..."

मी पटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"नको घेऊ," मी म्हटलं. "खरी निघेल का, मला नाय माहीत."