आईच्या वाफ्यातल्या गोगलगायी

नागपूरच्या एका प्रयोगशाळेत मी दोन वर्षं माशा पाळल्या. धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात सापडणाऱ्या, लांब पायांच्या, बारीक माशा. त्यांची अळी गोगलगायीच्या अंगात शिरते आणि तिला आतून खाऊन टाकते. रोपं फस्त करणाऱ्या बिनशंखाच्या गोगलगायींवर औषधाऐवजी या माशा सोडता येतील का, हे आम्ही तपासत होतो.

अळ्यांना जिवंत गोगलगायी लागत. त्या यायच्या आमच्याच वावरातून. पारशिवनीजवळ आईचे कोबीचे वाफे होते. ती रोज सकाळी गोगलगायी वेचून डब्यात ओल्या पाल्यावर ठेवी, आणि रविवारी परतताना मी तो डबा घेऊन बसमध्ये बसे.

डोळे तपासायला ती नागपूरला आली, तेव्हा मी तिला काचेच्या बशीतली अळी दाखवली. ती कितीतरी वेळ वाकून बघत होती.

"हे तं खरंच खाऊन राहिली वं! मंग आपल्या वावरात काहून नाही सोडत?"

"परवानगी नाही अजून. त्या आणखी काय काय खातील, ते आधी पाहावं लागतं."

"किती दिवस लागन?"

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेच्या सरांकडे माशांची एकच बरणी मागितली. सर माणूस चांगला. म्हणाले, "उद्या भलतंच काही झालं तर कोण निस्तरणार? तू की मी?"

त्या वर्षी पाऊस उघडेचना, गोगलगायी वाढतच गेल्या. आईची पहिली रोपं गेली, दुसऱ्यांदा लावलेलीही गेली. ती वेचत राहिली, मी डबे आणत राहिले.

एका मंगळवारी बशांमधल्या अळ्या काळ्या पडलेल्या दिसल्या. एकही हलत नव्हती. मी आईला फोन लावला.

"वाफ्यात काही टाकलं का गं?"

"दुकानातून विषाचे दाणे आणले. टाकाच लागले, बाई. पण तुह्यासाठी जित्याच वेचल्या मी. मेलेली एक नाही घेतली." मग तिनं विचारलं, "काहून? काय झालं?"

"काही नाही."

तिला काय सांगणार होते? सरांनी विचारलं, तेव्हाही मला खरं बोलता आलं नाही. नोंदवहीत मी माझ्याच हातानं 'कारण समजले नाही' असं लिहिलं. उरलेल्या माशा म्हाताऱ्या होत्या. त्यांनी अंडी घातली नाहीत, आणि पैदास तिथंच थांबली.

पावसानं दाणेही विरघळून गेले. आईनं वाफे मोडून मेथी टाकली. इवले कोंब आले आणि चार दिवसांत दिसेनासे झाले. त्या रविवारी मी तिच्याबरोबर वाकून गोगलगायी वेचायला लागले. हात चिकट झाले, पाठ भरून आली, वाफा संपेना.

"तू बस वं तिकडं," आई म्हणाली. "तुले सवय नाही."

मी बांधावर जाऊन बसले.