लांब काठी

मुलांनो, काल व्हिडिओ कॉलवर तुम्ही गळाचं नवं रीळ फिरवलंत आणि त्या करकरीने मला नांदेडजवळच्या धरणावर नेलं.

गळ खोल पाण्यात पोचावा म्हणून माझ्या थोरल्या भावाने, अण्णाने, लांब काठी, मोठं रीळ आणि बारीक दोरा पारखून आणला होता. आम्ही लिंगायत, घरात मासा वर्ज्य. गळ फेकण्याआधी त्याने गळ्यातलं लिंग काढून मला दिलं. ते मरेपर्यंत उतरवायचं नसतं.

“अन् लिंगाशिवाय मरण आलं तर?” मी विचारलं.

“काठी लई लांब हाय, येडे. पाण्यात उतरायचंच न्हाई. धर नीट.”

गळ सणसणत दूर गेला. अण्णा हसत होता. मी मूठ आवळून त्याच्या पायांखालच्या शेवाळलेल्या दगडांकडे बघत होते.

तेव्हा लिंग उतरवणं हे त्याचं पाप वाटलं. आता वाटतं, स्वतःचं भय माझ्या मुठीत देऊन तो मोकळा झाला होता.