जुनं जमा, मग नवं

माझ्या वडिलांना घेऊन दुकानात जायचं म्हणजे लाज घरी ठेवून जायचं. शिंप्याकडे गेले की उरलेलं कापड मागणार, पंखा दुरुस्त केला की जळलेली कॉइल मागणार, चष्म्याची काच बदलली की जुनी काच कागदात गुंडाळून खिशात. उपयोग शून्य. लालबागच्या चाळीत आमच्या माळ्यावर या वस्तूंचे तीन पत्र्याचे डबे होते. चाळ पाडून टॉवर झाला, आम्ही सतराव्या मजल्यावर आलो, आणि ते डबेही लिफ्टने वर आले.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. परळच्या एका मिलमध्ये ते स्टोअरकीपर होते. खात्यातला माणूस नवं बेअरिंग मागायला आला की आधी मोडकं काउंटरवर ठेवायचं, मगच नवं मिळायचं. जुनं जमा, मग नवं. मिल गेली, त्या जागी काचेची ऑफिसं आली, पण बाबांचं काउंटर काही बंद झालं नाही.

गेल्या वर्षी मात्र आम्ही बाबांचं ऐकणं बंद केलं होतं. लिहिताना वाईट वाटतं, पण खरं आहे. एकदा ते गॅसवर दूध ठेवून खाली गप्पा मारायला गेले. एकदा भाजी आणायला म्हणून निघाले आणि करी रोडच्या पुलावर उभे राहून घर कुठल्या बाजूला ते आठवत राहिले. ठाण्याचा माझा भाऊ आणि मी, आम्ही फोनवरच ठरवून टाकलं की घराची चावी यापुढे त्यांच्याकडे नको. मी मागितली, त्यांनी निमूट काढून दिली. बदल्यात मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक कार्ड ठेवलं. त्यावर घरचा पत्ता आणि माझा मोबाइल नंबर. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि "बरं" म्हणाले. तेव्हापासून ते काहीही बोलले की आम्ही "हो बाबा" म्हणायचो आणि आपल्याला हवं तेच करायचो.

अशात आमची गाडी सर्व्हिसिंगला टाकली. दुसऱ्या दिवशी चिपळूणला आत्याकडे जायचं होतं, मध्ये घाट, म्हणून म्हटलं ऑइल बदलून घेऊ. एरवी गाडी गल्लीतल्या मिस्त्रीकडे जायची. या वेळी मी हट्टाने कंपनीच्या शोरूमवाल्यांकडे नेली. तिथे एसी, कॉफी, टाय लावलेला माणूस, सगळं टॅबवर. बाबा माझ्या शेजारी बसले होते आणि मांडीवर गोडेतेलाचा रिकामा पाच लिटरचा डबा होता.

"काढलेलं ऑइल यात द्या," ते टायवाल्याला म्हणाले.

"आजोबा, ते आम्ही डिस्पोज करतो."

"तुम्ही नका करू. आमचं आहे."

मी मोबाइलमध्ये डोकं खुपसलं. डबा आत गेला आणि तासाभराने अर्धा भरून परत आला. येताना गिअर जरा जड पडत होता. नवीन चपलाही चावतात, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली.

घरी आल्यावर मी बॅग भरायला घेतली. बाबा गॅलरीत डबा उघडून बसले. थोड्या वेळाने हाक आली. ते चिडले किंवा खूश झाले की मालवणीत शिरतात. या वेळी नेमकं काय झालंय ते हाकेवरून कळेना.

"ह्यां तेल इंजिनाचां न्हय गो!"

मी गेले. डब्यात मधाच्या रंगाचं, छान नितळ तेल. बाबांनी चिमटीत घेऊन ते माझ्या नाकाशी धरलं. उग्र, सडक्या कांद्यासारखा वास.

"वर्षभर चाललेलं इंजिनचं ऑइल असं असतं? ते काळं मिट्ट हवं. हे गिअरबॉक्सचं. तीस वर्षं पिंपं वाटलीत मी, वास विसरेन?"

मी म्हटलं, "हो बाबा." आणि पुन्हा साड्यांकडे वळले. वर त्यांना ऐकवलं, की कॉम्प्युटरचं बिल आहे, त्यावर इंजिन ऑइल असं स्वच्छ छापलंय.

बाबांनी कालचा पेपर घेतला, डबा घेतला, गाडीची चावी घेतली आणि दाराशी जाऊन उभे राहिले. एकट्याने खाली जायची त्यांना बंदी होती ना. मीच घातलेली. मला जावंच लागलं, आणि मी चांगलीच धुसफुसत गेले.

खाली त्यांनी बोनेट उघडायला लावलं. डब्यातल्या तेलाचा एक थेंब पेपरवर टाकला. मग इंजिनातली तेल मोजायची पट्टी ओढून काढली आणि तिचा थेंब शेजारी. पहिला थेंब पिवळा पसरला. दुसरा डांबरासारखा तपकिरी-काळा. पट्टीवर तेल वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर चढलं होतं. वॉचमनसुद्धा वाकून बघायला लागला. मला आता समजावून सांगायची गरज नव्हती. इंजिनातलं जुनं ऑइल तसंच होतं आणि त्यावर नवं ओतलेलं. काढलं होतं ते गिअरबॉक्सचं, आणि तिथे काही भरलंच नव्हतं. या गाडीने आम्ही उद्या घाट चढणार होतो.

मी शोरूमला फोन लावला.

"मॅडम, सिस्टीममध्ये सगळं ओके दाखवतंय. टेन्शन नका घेऊ, घेऊन या, बघून घेऊ."

"गाडी हलवची नाय!" बाबा बोनेटवर हात ठेवून गरजले. मिल बंद झाल्यापासून हा आवाज मी ऐकला नव्हता. आणि खरं सांगते, इतक्या घाबरलेल्या अवस्थेतही मला तो ऐकून बरं वाटलं. मी फोनवर टायवाल्याला तेच वाक्य, तितक्याच जोरात, मराठीत करून ऐकवलं.

मग टोइंगची गाडी आली. बाबा ड्रायव्हरशेजारी डबा पोटाशी धरून बसले, वरातीत नवरदेव बसतो तसे. मी मागे कोपऱ्यात. परळभर ते त्या ड्रायव्हरला कुठे कुठली मिल होती ते दाखवत होते, आणि एकही चुकली नाही.

वर्कशॉपचा मुख्य सुपरवायझर पन्नाशीचा, हाताला ग्रीस असलेला माणूस होता. त्याने डब्यात बोट घातलं, वास घेतला आणि टॅबकडे न बघताच म्हणाला, "गिअर ऑइल." गाडी वर चढवली. गिअरबॉक्सचा तेल सोडायचा बोल्ट काढला तर आतून चार थेंब गळले. मी पदर तोंडावर धरून उभी होते. बोल्टच्या टोकाला लोहचुंबक असतं. आत गिअरचे दात तुटले असतील तर त्याला लोखंडाचे तुकडे चिकटतात, नेहमीची झीज असेल तर नुसती भुकटी, असं त्याने सांगितलं. त्याने ते पांढऱ्या फडक्यावर पुसलं आणि फडकं बाबांसमोर धरलं. माझ्यासमोर नाही. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहिलं.

"पीठ आहे नुसतं. तुकडा नाही. वाचली!"

इंजिनही वाचलं होतं. जास्तीच्या तेलाने फेस धरून सील फुटायच्या आत गाडी थांबली होती. सुपरवायझरने बाबांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि चार मेकॅनिकना बोलावून डब्याचा वास घ्यायला लावला. बाबांनी त्यांचा वर्गच घेतला. त्यातल्या ज्या मेकॅनिकने चूक केली होती तो, कानाशी केस पिकलेला, मान खाली घालून उभा होता. सुपरवायझर म्हणाला, "याला उद्यापासून वॉशिंगला टाकतो. ऑइलला हात नाही लावू देणार."

बाबांचा कप बशीवर थांबला.

"इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा बोल्ट शेजारी शेजारी आहेत, चुकला माणूस. म्हणून काय हातातला पाना काढून घ्यायचा?"

ते माझ्याकडे बघून बोलले नव्हते. पण मी माझा कप खाली ठेवला.

सुपरवायझरने हसून मान हलवली आणि त्याच मेकॅनिककडून दोन्ही ऑइलं नीट भरून घेतली. संध्याकाळी गाडी लोण्यासारखी चालत होती. निघताना मागच्या सीटवर आणखी एक डबा होता, इंजिनातल्या काळ्या ऑइलचा. तो मी मागून घेतला होता.

लिफ्टने सतराव्या मजल्यावर आलो. मी पर्समधून चावी काढली. बाबांची चावी, महिनाभर तिथेच पडून असलेली. दार न उघडता ती त्यांच्यापुढे धरली. म्हटलं, "बाबा, चुकलं माझं. घ्या."

ते लगेच घेईनात. आधी दोन्ही डबे खाली ठेवले. मग सदऱ्याच्या खिशात हात घातला, माझं ते पत्त्याचं कार्ड काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"जुनं जमा," ते म्हणाले, आणि मग चावी उचलून दार उघडलं.