शेवंती आणि 'दायें मुड'

१९५९ साली मी व्यायामशिक्षणाचं प्रशिक्षण संपवून साताऱ्याकडून मालवण किनाऱ्यावरच्या एका शाळेत रुजू झालो. कवायतीला मुलगे येत. मुली पोटात दुखतं म्हणून वर्गातच बसत. मी घरोघर फिरलो. शेवंतीच्या आईने, काशीबाईने, मला अंगणातच अडवलं.

"मास्तरांनू, आमचां चेडू पाणी हाडता, भात कांडता. आनी वर कवायत कित्याक व्हयी?"

"शरीर प्रमाणबद्ध होतं," मी पुस्तकातलं उत्तर दिलं.

ती पदर तोंडाला लावून हसली, पण दुसऱ्या दिवशी शेवंतीला पाठवलं. तिच्यामागून आणखी सात मुली आल्या.

बारा वर्षांची शेवंती सर्वांत उंच, म्हणून रांगेच्या उजव्या टोकाला. मी "दायें मुड!" असा उजवीकडे वळायचा हिंदी हुकूम दिला की ती डावीकडे वळे आणि शेजारच्या सुगंधाच्या नाकाला नाक लागे. मैदान हसे. बाकीच्या मुली मुलग्यांकडे चोरून बघत वळायच्या. शेवंती बघत नसे, कारण 'नजर समोर' हे मीच शिकवलं होतं.

चौथ्या दिवशी मी ओरडलो, "मस्करी करतेस? हो बाहेर!" तिला सुरूच्या झाडाखाली उभं केलं. मुलगे "दायें शेवंती, दायें!" करत तिच्याभोवती गिरक्या घेऊ लागले. मी त्यांना थांबवलं नाही.

ती कवायतीला यायची बंद झाली.

पंधरवड्याने खाडीपलीकडे जायला मी तिच्या मामाच्या, दाजीच्या होडीत बसलो. पुढच्या टोकाला, नाळीवर, शेवंती बसली होती, पाण्याखालचे खडक बघून वाट सांगत.

"मामा, दाव्यान घे! दाव्यान!"

होडी डावीकडे वळली.

"दाव्यान म्हणजे?" मी विचारलं.

"दावो हात, मास्तर," दाजी म्हणाला. "जेवचो तो उजवो, ऱ्हवलो तो दावो. तुमच्या घाटार दावो हात नसता काय?"

माझं 'दायें' तिने 'दावें' ऐकलं होतं. ती दर वेळी माझा हुकूमच पाळत होती.

उतरल्यावर मी तिला म्हणालो, "चूक माझी होती. उद्यापासून ये."

तिने होडीचा दोर खुंट्याला बांधला. "सगळी हसली तां सगळ्यांसमोर. आता चूक तुमची तां पण सगळ्यांका सांगा. मगे येतंय."

मी कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी नेमके शाळा तपासनीस साहेब आले. मी हुकूम बदलून 'उजवीकडे वळ' केला. मुली एकसारख्या वळल्या. साहेबांनी कल्पकतेबद्दल पाठ थोपटली. शेवंती कुंपणाशी उभी होती. सांगायची हीच वेळ होती. साहेबांच्या देखत माझी जीभ उचलली नाही. शिट्टी वाजली, ती घरी गेली.

पुढच्या तासाला मी रांगेसमोर सगळं सांगितलं. कोणी हसलं नाही. सुगंधाला शेवंतीच्या घरी निरोप घेऊन पाठवलं. ती धावत परत आली.

"मास्तर, शेवंती म्हणता, तुम्ही सांगितल्यात तां तिका आयकूक मिळूक नाय."

सातवी पास होईपर्यंत ती रोज शाळेत आली. कवायतीच्या तासाला मात्र व्हरांड्यात बसून राहिली, आणि मी तिला एकदाही हाक मारली नाही.