तिसऱ्या भागाचा शेवट

आमच्या घरात कादंबऱ्या मी वाचते आणि आवडतात त्या ह्यांना. हे मी गमतीनं लिहिलेलं नाही.

हे म्हणजे माझे यजमान. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले, साताऱ्याकडचा ऊस भावाच्या स्वाधीन केला आणि आम्ही सांगलीत विश्रामबागेला राहायला आलो. सकाळी फिरायला जाणाऱ्या निवृत्त माणसांचं एक टोळकं असतं, तसं ह्यांचंही जमलं. राजकारणावरून दोघं एकमेकांच्या अंगावर धावून गेले तेव्हा कुणीतरी तोडगा काढला, की वाचनाचं मंडळ काढू. महिन्यातून एकदा एकाच्या घरी जमायचं आणि आपापली आवडती ऐतिहासिक कादंबरी सांगायची. ऐतिहासिकच का, तर सामाजिक कादंबरीत घरातली भांडणं असतात आणि ती घरी फुकट मिळतात, असं हळदीचे व्यापारी शेठ म्हणाले. बायकांनी यायला हरकत नाही असंही ठरलं. बोलावलं मात्र कुणी नाही.

ह्यांची पंचाईत अशी की वर्तमानपत्रापलीकडं ह्यांनी काही वाचलेलं नव्हतं. वाचत होते मी. माण तालुक्यातल्या आमच्या गावी विहिरीवर नंबर लावून बसायचं तेव्हा मांडीवर पुस्तक असायचं. वडील मुंबईला गोदीत होते. सुट्टीवर येताना रद्दीवाल्याकडून जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या आणायचे. पहिला भाग कधीच मिळायचा नाही, आणि शेवटची पानं बहुतेक वेळा गळालेली. नसलेलं सगळं मी मनानं जुळवायची. लग्नानंतर ह्यांच्या प्रत्येक बदलीला माझी एक ट्रंक पुस्तकांची असायची. 'एवढी जड काय गं?' असं हे दर वेळी विचारायचे.

मंडळ सुरू झालं त्याच सुमाराला ह्यांच्या डोळ्याचं, मोतीबिंदूचं, ऑपरेशन झालं. वाचायला मनाई. मी म्हटलं, मी सांगते तुम्हाला गोष्ट. मेथी निवडता निवडता सांगितली. ह्यांनी ती मंडळात जशीच्या तशी सांगितली. फौजेतला माणूस, एकदा ऐकलेला हुकूम विसरत नाही. लोक खूश झाले. पुढं डोळे बरे झाले, पण पुस्तक हातात धरायची वेळ ह्यांच्यावर काही आली नाही.

पहिल्यांदा मला बरंच वाटलं. इतक्या वर्षांत नवरा माझ्या तोंडाकडं बघत ऐकतोय, हेच नवल होतं. पण हळूहळू मला जे वाटलेलं असायचं ते ह्यांना वाटायला लागलं. एका कादंबरीतल्या सरदाराच्या आईबद्दल मी पोळ्या लाटताना म्हटलं होतं, लढाई कुणी मारली ते सगळे सांगतात, त्या रात्री भाकरी कुणी भाजल्या ते कुणी विचारत नाही. पुढच्या बैठकीला मी पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी, आणि हे तेच वाक्य, मधल्या माझ्या उसाशासकट, सरांना ऐकवत होते. सर म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "वा साहेब! ही खरी वाचकाची नजर." वर्षअखेरीला ह्यांना व्यासंगी वाचक म्हणून शाल आणि नारळ मिळाला. शाल ह्यांनी पांघरली. नारळाची मी चटणी केली.

मग ती तीन भागांची कादंबरी आली. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्हीही म्हणाल, वाचलीय की.

किल्लेदार पडतो, गडाला वेढा बसतो आणि त्याची बायको गड लढवते. हे दोन भाग. तिसऱ्या भागात टाक्यातलं पाणी संपतं. पोरं ओलं फडकं चोखायला लागतात, आणि एका सकाळी ती स्वतः जाऊन गडाचा दरवाजा उघडते. गडावरचं एकही माणूस मरत नाही, आणि त्यातलं एकही तिला माफ करत नाही. पायथ्याच्या गावात ती म्हातारी होईतो जगते. जी पोरं तिनं जगवली त्यांच्या लग्नाच्या अक्षताही तिला मिळत नाहीत. शेवटच्या पानावर ती वाटेनं चाललेल्या गुराख्याला एवढंच विचारते, यंदा टाकं भरलं का? तो उत्तर न देता शेळ्या हाकतो. कादंबरी संपली.

मी दुपारभर रडले. कोरड्या विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरलेल्या बाईला हे पान समजावून सांगावं लागत नाही. आणि रडून झाल्यावर मला स्वच्छ कळलं, की हे मी कुणाला द्यायची नाही. ह्यांना तर नाहीच. उद्या हे मंडळात उभे राहून माझा हुंदका काढून दाखवणार आणि सर वा साहेब म्हणणार.

संध्याकाळी ह्यांनी मोबाईलवरून मान न उचलता विचारलं, "मग फुडं काय झालं त्या किल्लेदारणीचं?"

मी कणीक मळत होते. म्हटलं, "काय व्हायचं? तलवार घेतली आणि बुरुजावरनं उडी टाकली."

"लय भारी!" हे म्हणाले.

मनात आणखीही एक होतं, ते लपवत नाही. ती कादंबरी आपली सर्वांत आवडती आहे, असं सर मागेच म्हणाले होते. शेठ तर म्हणायचे, तीनदा वाचली. तेव्हा ह्यांनी उडी सांगितली की कुणीतरी अडवणार, साहेब, असं कुठं आहे? मग ह्यांना म्हणावंच लागणार, की मला हिनं सांगितलं. मला तेवढंच हवं होतं. शाल नको, नारळ नको. ह्या घरात वाचणारी मी आहे, हे चार माणसांसमोर ह्यांच्या तोंडून एकदा निघावं.

बैठक आमच्याच घरी होती. ह्यांनी उडी अशी सांगितली की मलाच क्षणभर खरी वाटली. मग सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाले, "तो शेवट वाचला तेव्हा मला दोन दिवस अन्न गोड लागलं नव्हतं." शेठ म्हणाले, "आजबी अंगावर काटा येतोय बगा."

मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले. कुणीही वाचलेली नव्हती. इतक्या बैठका, इतके पोहे, आणि त्या खोलीत वाचणारं माणूस एकही नव्हतं. मला हसू यायला हवं होतं, पण तोंड कडू झालं.

पुढं ती उडी माझ्या हातात राहिली नाही. कुणीतरी गडाचा फोटो, मागं लाल आभाळ, आणि खाली ह्यांच्या नावासकट तो प्रसंग लिहून व्हॉट्सॲपवर सोडला. साताऱ्याहून माझ्या बहिणीनं तो मलाच पाठवला. 'दाजी किती छान लिहितात गं! तूपण वाचत जा की काहीतरी.' मी तिला नमस्काराचा हात पाठवला.

त्यावर कळस म्हणजे सरांनी शोध लावला. कादंबरीत गडाचं नाव नाही, पण वर्णनावरून तो साताऱ्याकडचाच अमुक गड असला पाहिजे, आणि पूर्वेचा बुरूज हाच तो बुरूज. मंडळानं गाडी ठरवली. या वेळी बायकांना आवर्जून बोलावलं, कारण बाहेरचं जेवण सरांना सोसत नाही. मी पहाटे उठून भाकरी, झुणका आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली.

गड चढताना मी मागं पडले. वाटेत एक टाकं होतं, कातळात खोदलेलं, तळाशी हिरवं पाणी. मी तिथं थांबले. वर पोचले तेव्हा सगळे बुरुजावर ओळीनं उभे होते. सरांनी छोटं भाषण केलं. शेठनी झेंडूचा हार तटावरून खाली सोडला. मग सगळ्यांनी हात जोडले. मी कणीक मळताना रचलेल्या उडीला माणसं डोळे मिटून नमस्कार करत होती, आणि जी खरी बाई पाण्यासाठी दरवाजा उघडून आयुष्यभर थुंकी झेलत जगली, तिच्यासाठी तिथं एक फूल नव्हतं.

माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, "तिनं उडी टाकलीच नाही."

सगळ्यांनी डोळे उघडले.

"तिनं दरवाजा उघडला. पोरांसाठी. आणि पुढं जगली ती, म्हातारी होऊन. तिसऱ्या भागात शेवटच्या पानावर आहे."

सर कसंनुसं हसले. "वहिनी, दरवाजा उघडणारी बाई कादंबरीची नायिका कशी होईल?"

शेठ माणूस मऊ. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "आवं वैनी, राग मानू नका, पर तुमी एकदा वाचाच ती कादंबरी. नुसतं साहेबांच्या तोंडनं ऐकून न्हाई कळायचं."

माणसं हसली. वाईट हेतूनं नाही. मी ह्यांच्याकडं बघितलं. त्या घोळक्यात एकच माणूस असा होता, ज्यानं मला पुस्तक हातात घेतलेलं रोज बघितलं होतं. 'तिनं वाचलीय.' दोन शब्द. मी वाट बघत होते, आणि मी वाट बघतेय हे ह्यांना दिसत होतं.

हे घसा साफ करून म्हणाले, "देतो मी तिला वाचायला."

मग भूक लागली सगळ्यांना. मी भाकरीचं फडकं सोडलं. चटणीची फार तारीफ झाली.

मला वाटलं होतं, चारचौघांत अब्रू राखायला बोलले असतील, घरी आल्यावर मान खाली घालतील. घरी आलो. मी पाय धुऊन बाहेर आले तर हे माझ्याच ट्रंकेपाशी वाकलेले. तिसरा भाग काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

"वाच," म्हणाले. "शेवट लय भारी हाय."