पूनम सागरमधली गिनती

तुरुंगातून सुटून मला दोन वर्षं झाली होती आणि नंतर सुटणाऱ्यांना मी कामं शोधून देत होतो. पूनम सागरमधल्या एका सोसायटीत वॉचमनची जागा होती, तिथे एकाला घेऊन गेलो. त्याला दुसरीकडे कुणी उभं करत नव्हतं.

"अनुभव?" सेक्रेटरींनी विचारलं.

"चार वर्षं बराकीवर पहारा दिलाय," तो म्हणाला. "मीपण कैदीच होतो."

"कोणी पळालं?"

"एकपण नाय, साहेब."

सेक्रेटरींनी त्याला आठवडाभरासाठी ठेवलं.

पहिल्याच संध्याकाळी त्याने तुरुंगातल्या गिनतीच्या सवयीने घरोघरी जाऊन माणसं मोजली. तक्रारी झाल्या म्हणून मी माफी मागायला गेलो, तर सेक्रेटरी खुशीत होते. सोसायटीला न कळवता ठेवलेले अकरा भाडेकरू सापडले होते.

नोकरी पक्की झाली. मोजताना रहिवाशांना बराकीतल्यासारखं जोडीजोडीने खाली बसवायचं नाही, एवढी अट घातली गेली.