दोन हातांचं बटण

काकू टाइप करताना कीबोर्डकडे बघत नसत, समोरच्या माणसाकडे बघत. बोटं बटणांवर भराभर फिरत आणि तोंडाने चौकशी चालू, "काहून जी भाऊ, चेहरा काहून उतरला आज?" मी कॉम्प्युटरची पदवी घेतलेला गडी, अजूनही एक डोळा बटणांवर ठेवूनच टाइप करतो. त्यांना याचं गुपित विचारलं तर म्हणायच्या, "हार ओवताना सुईकडे पाह्यत बसलं त गिऱ्हाईक निघून जाते न बाप्पा."

मोझरीच्या रस्त्याला त्यांचं दीड एकर होतं, झेंडू आणि शेवंतीचं. रोज सकाळी पहिल्या जीपने टोपली घेऊन अमरावतीत यायच्या आणि आमच्या ऑफिसातल्या देवाच्या तसबिरीला हार घालून पुढे जायच्या. ऑफिस कसलं, दोन खोल्या, एक साहेब आणि मी. अमरावती-अकोल्याकडच्या शेतकऱ्यांच्या मोबाइलवर रोज सकाळी हवामानाचा मेसेज पाठवायचा, हे आमचं काम. तो पाठवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, मी लिहिली होती. माझी पहिलीच नोकरी, तीन महिनेही झाले नव्हते.

पुढे साहेबांनी काकूंना झाडलोटीला ठेवलं. सातवीपर्यंत शिकलेल्या काकू झाडता झाडता स्क्रीन वाचू लागल्या. एकदा झाडू तसाच हातात धरून म्हणाल्या, "दर्यापुरात उद्या पाऊस म्हणून राहिले तुमी? वारं त कोरडं हाये. पाहा बरं नीट." पाहिलं, तर मी गेल्या आठवड्याची फाइल उघडून बसलो होतो. साहेब हसले आणि म्हणाले, "काकू, झाडणं झालं की मेसेज तुमीच तपासत जा अन् तुमीच धाडत जा." त्या दिवशी काकूंनी खुर्चीला आधी हात लावून नमस्कार केला, मग बसल्या. दर्यापूरला दिलेल्या बहिणीचा नंबर त्यांनी यादीत घालून घेतला. मेसेज गेला की लगेच तिला फोन, "भेटला का व? मीच धाडला."

अडचण एकच होती. माउस. स्क्रिप्ट चालवायला एडिटरच्या, म्हणजे ती लिहायच्या खिडकीच्या, उजव्या कोपऱ्यातल्या बारक्या त्रिकोणावर क्लिक करावं लागे, आणि काकूंचा बाण कधी त्या त्रिकोणापाशी थांबतच नसे. "अवो माय, गेला पाहा भलतीकडेच!" शेवटी मी एडिटरच्या सेटिंगमध्ये जाऊन शॉर्टकट बसवून दिला. वरच्या ओळीतलं एफ-नऊ हे बटण दाबलं की स्क्रिप्ट चालू, मेसेज रवाना. विचारणा नाही, खातरजमा नाही. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं. तेव्हा वयच तसं होतं, दुसरं काय.

मग दसरा आला. आपल्याकडे दसऱ्याला नांगर पुजतात, गाडी पुजतात. काकूंनी सकाळी सकाळी कॉम्प्युटर पुजला. स्क्रीनला हळदकुंकू, कीबोर्डवर हातभर झेंडूचा हार आणि हारावर, अगदी मनापासून, एक नारळ. एडिटर उघडा होता. नारळ नेमका वरच्या ओळीतल्या एफ-नऊवर टेकला आणि आम्ही हात जोडून आरती म्हणत असेपर्यंत स्क्रिप्ट पुन्हा पुन्हा चालत राहिली.

तेवढंही निभावलं असतं. पण फाइलमध्ये खरा मेसेज नव्हताच. आदल्या दिवशी चाचणीसाठी मी टाकलेली ओळ तशीच राहिली होती, 'दुपारी सर्वत्र जोरदार पाऊस, कापलेले सोयाबीन झाकावे.' प्रसाद वाटायच्या आत फोन सुरू झाले. दर्यापूर, बार्शीटाकळी, सगळीकडून. लोक पूजा अर्धी टाकून शेतात पळाले होते, बायकापोरांसकट ताडपत्र्या ओढत होते, आणि वर आभाळ निळंशार. एक गृहस्थ म्हणाले, "सतरा मेसेज आले, भाऊ. मले वाटलं धरण फुटून राहिलं!"

साहेब लालबुंद. "कोणं केलं हे?"

काकू पुढे झाल्या. "माह्या नारळानं झालं, साहेब."

मी तिथेच उभा होतो. ती ओळ माझी आहे, ते एका बोटाचं बटणही माझंच आहे, एवढंच तर बोलायचं होतं. नोकरी जाईल या भीतीने मी जमिनीकडे बघत राहिलो. साहेबांनी हुकूम सोडला, "आजपासून कॉम्प्युटरले हात लावायचा नाही, काकू." काकू म्हणाल्या, "हो जी," आणि कुंकू सांडलं होतं ते फडक्याने पुसायला लागल्या.

पुढचे चार दिवस माझ्या जन्माला पुरतील असे गेले. काकू येत, झाडत, माझ्या टेबलाभोवती पोछा मारताना स्क्रीनकडे पाठ करत. मेसेज मी धाडायचो. तो गेला की दर्यापूरच्या बहिणीचा फोन यायचा आणि काकू बाहेर व्हरांड्यात जाऊन हळू आवाजात सांगायच्या, "आज भाऊनं धाडला. मले जरा काम होतं." चार दिवस त्या हेच सांगत होत्या आणि मी ते ऐकत होतो. लाज वाटायची, अन्न गोड लागायचं नाही.

पाचव्या दिवशी त्या माझ्यापाशी आल्या. वाटलं, आता मला बोलतील, त्यांनी बोललंच पाहिजे. त्या म्हणाल्या, "भाऊ, ते बटन जरा अवघड करता येते का? एखाद्या दिवशी तुमचाच हात लागन, अन् तुमाले बोलनं बसन."

यावर माणूस आणखी किती गप्प बसणार? मी तडक आत गेलो आणि साहेबांना सगळं सांगून टाकलं. साहेबांनी मला जे सुनावलं ते इथे छापण्याजोगं नाही. मग बाहेर येऊन म्हणाले, "काकू, बसा आपल्या जागेवर."

नवा शॉर्टकट काकूंनीच ठरवला. कंट्रोल आणि ऑल्ट डाव्या हाताने दाबून धरायचे, एंटर उजव्या हाताने. मी म्हटलं, एवढा खटाटोप कशाला? तर म्हणाल्या, "हार दोन हातानं घालतेत न देवाले? दोन्ही हात गुंतले की मानूस ध्यान देते." वरून मी एक जोड दिली. बटणं दाबली की आधी मेसेज मोठ्या अक्षरात दिसायचा, पुन्हा दाबली तरच जायचा. काकू तो मोठ्याने वाचायच्या, खिडकीतून आभाळ बघायच्या आणि मगच दुसऱ्यांदा दाबायच्या. आठ वर्षं एकही खोटा पाऊस पडला नाही.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलीने त्यांना अकोल्याला नेलं. त्या निघताना मी बस स्टँडवर गेलो होतो. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं शेवटी त्यांच्यापाशी बोललो, "काकू, त्या दसऱ्याले मी गप्प बसलो. चूक माझी होती."

"मले माहीत होतं न," काकू म्हणाल्या. "ते पावसाची ओळ मी आदल्या दिवशीच पाह्यली होती. सकाळी सांगीन म्हटलं, पूजेच्या गडबडीत इसरली."

"मग बोलल्या काहून नाही?"

काकू माझ्याकडे बघत होत्या. मांडीवरच्या टोपलीत बोटं आपोआप चालू होती, मुलीच्या घरच्या देवासाठी हार ओवणं चाललं होतं. "माही नोकरी गेली असती त माह्यापाशी फुलं होते, भाऊ. तुमच्यापाशी काय होतं?"

बस निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकूंचा नंबर यादीत घातला, मेसेज मोठ्याने वाचला, खिडकीतून आभाळ बघितलं आणि दोन्ही हातांनी धाडला. मिनिटभरात अकोल्याहून फोन आला, "भेटला, भाऊ."